लॉर्ड, लेडी, सर : लिहिताना या चुका टाळा

माउंटबॅटन दांपत्यावर मराठीत काहीही वाचा, "लेडी एडविना" सापडतेच. वाचायला गोड वाटतं पण चूक आहे, आणि ही चूक नीट समजली ना की बाकीच्या निम्म्या आपोआप सुटतात, म्हणून तिथूनच सुरू करतो.

ब्रिटिश पद्धतीत "लेडी"ला लागून बाईचं स्वतःचं नाव आलं की त्याचा अर्थ ती ड्यूक, मार्क्वेस किंवा अर्लची (या उमरावांच्या सर्वांत वरच्या तीन पदव्या) मुलगी. डायना स्पेन्सर १९७५ मध्ये लेडी डायना झाली कारण तेव्हा तिचे वडील अर्ल झाले. एडविनाचे वडील यातले कोणीच नव्हते. तिचा नवरा मार्क्वेसचा धाकटा मुलगा, म्हणून तो "लॉर्ड लुई", आणि लग्नानंतर ती चक्क "लेडी लुई माउंटबॅटन", म्हणजे नवऱ्याचं नाव लावून! आपल्याकडच्या "सौ. अमुक तमुक" सारखंच झालं की हे. १९४६ मध्ये माउंटबॅटनला स्वतःची वायकाउंट ही पदवी मिळाली तेव्हा कुठे ते "लॉर्ड माउंटबॅटन" आणि "लेडी माउंटबॅटन" झाले, मग १९४७ मध्ये अर्ल. वडील अर्ल झाले म्हणून धाकटी मुलगी मात्र "लेडी पामेला" झाली, तिच्या बाबतीत ते बरोबर आहे.

म्हणजे लॉर्डच्या पुढे काय येतं ते बघायचं: माणसाचं स्वतःचं नाव आलं तर तो ड्यूक किंवा मार्क्वेसचा धाकटा मुलगा, पदवीचं नाव आलं तर स्वतः उमराव. लॉर्ड रँडॉल्फ चर्चिल हा ड्यूकचा धाकटा मुलगा, त्याला "लॉर्ड चर्चिल" म्हटलं की माणूसच बदलतो.

"सर"चं वेगळं आहे. तिथे पुढे नाव लागतं, नुसतं आडनाव कधीच नाही. "सर चर्चिल" नाही, सर विन्स्टन. तसंच "सर भांडारकर" नको, सर रामकृष्ण किंवा पूर्ण नाव लिहा. बायकोला मात्र लेडी + आडनाव. आणि सर म्हणजे उमराव नव्हे! सर दोघांना लागतं, नाइट आणि बॅरोनेट. नाइटची पदवी त्याच्यासोबत संपते, बॅरोनेटची वारशाने पुढे जाते, पण तोही उमरावांत मोडत नाही. मुंबईच्या जमशेटजी जीजीभॉयना १८४२ मध्ये नाइटहूड मिळालं आणि १८५७ मध्ये बॅरोनेटसी, त्यांच्या घराण्यात पदवी घेणारा प्रत्येक वारस जमशेटजी जीजीभॉय हेच नाव घ्यायचा, त्यामुळे जुन्या कागदात "सर जमशेटजी" दिसले तर आधी साल बघा.

रतन टाटांबद्दलही हा घोळ खूप होतो. "सर रतन टाटा ट्रस्ट" ज्यांच्या नावाचा आहे ते जमशेदजींचे धाकटे चिरंजीव, १९१६ मध्ये सर झालेले. आपल्या पिढीने पाहिलेल्या रतन टाटांना २०१४ मध्ये जीबीई (नाइटहूडच्या दर्जाची ब्रिटिश पदवी) मिळाली ती मानद, आणि मानद पदवीवाल्या परदेशी नागरिकाला नावाआधी सर लावता येत नाही.

मुंबईकरांसाठी अजून एक. कॉलेजवाले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन कधीच लॉर्ड नव्हते, लॉर्डचे धाकटे मुलगे होते फक्त. आता प्रभादेवी झालेलं एल्फिन्स्टन रोड स्टेशन ज्यांच्या नावाचं होतं ते लॉर्ड एल्फिन्स्टन वेगळे, १८५३ ते १८६० मधले गव्हर्नर. दोघांना एक करून टाकलेले लेख मी इतके वाचलेत की खरंच वाईट वाटतं, एवढं आपल्या शहराचं आपल्याला माहीत असायला हवं.

सालाचा घोळही तसाच. असईची लढाई १८०३ ची, तेव्हा मराठ्यांसमोर "ड्यूक ऑफ वेलिंग्टन" नव्हता, मेजर जनरल आर्थर वेलस्ली होता, ड्यूक झाला १८१४ मध्ये. आणि ड्यूकला "लॉर्ड वेलिंग्टन" म्हणत नाहीत, लॉर्ड हे त्याखालच्या चौघांसाठी: मार्क्वेस, अर्ल, वायकाउंट, बॅरन. (व्हिस्काउंट लिहू नका, त्यातला स उच्चारत नाहीत.)

लिहिताना अडलात तर ज्या वर्षाचा प्रसंग आहे त्या वर्षी त्या माणसाकडे कोणती पदवी होती तेवढं शोधा, आणि नाहीच सापडलं तर सरळ पूर्ण नाव लिहा, पदवीशिवाय.