फ्रेंच गावाच्या ढालीवरचं चिन्ह कसं वाचायचं

फ्रान्समधे गावाच्या टाऊन हॉलवर ढाल दिसली की आधी रंग बघा, चित्र नंतर. सोनेरी आणि चंदेरी हे धातू, लाल निळा काळा हिरवा हे रंग, आणि धातूवर धातू किंवा रंगावर रंग शक्यतो नसतोच कारण लांबून ओळखू यायला हवं ना. डावं-उजवं ढाल धरणाऱ्याच्या बाजूने, म्हणजे आपल्या डावीकडचं ते तिचं उजवं.

मग चित्र कुठून आलं ते शोधायचं. दक्षिण फ्रान्समधलं ले बो-द-प्रोव्हान्स हे गाव बघा, लाल ढालीवर 16 किरणांचा चंदेरी तारा, बास. तिथले सरदार स्वतःला बाळ येशूला भेटायला ताऱ्यामागे निघालेल्या बाल्थाझारचे वंशज म्हणवायचे, म्हणून तो बेथलेहेमचा तारा! 1633 मधे किल्ला पाडला तरी तारा गावाकडे राहिलाच, मला हे फार भारी वाटतं.

शिंपला म्हणजे बऱ्याचदा सेंट जेम्सची यात्रा (स्पेनमधल्या सांतियागोला जाणारी), किल्ल्या म्हणजे बहुतेक सेंट पीटर, स्वर्गाच्या किल्ल्या ज्याच्याकडे असं मानतात तो. पण प्रत्येक चित्रात अर्थ शोधत बसू नका, कारण 1696 मधे राजा चौदाव्या लुईने पैसे भरून चिन्हं नोंदवायला लावली आणि ज्यांनी चिन्हं दिली नाहीत त्यांना अधिकाऱ्यांनीच काहीतरी ठरवून दिलं.