मुलुंड ते कांजूरमार्ग, एकट्याने: ऑटिझम असलेल्या तरुणाला लोकल शिकवताना

ऑटिझम असलेल्या पंचविशीतल्या तरुणाला काम मिळतं, जमतंही, आणि तरी अनेकदा सुटतं. कारण साधं असतं: रोज सोडायला-आणायला घरात माणूस नसतो. लोकलचा एकट्याने प्रवास शिकवता येतो. मात्र महिनाभर रोज त्याला सोबत नेलं म्हणजे तो शिकला, असं होत नाही.

आधी घराच्या दारापासून कामावरच्या हजेरीपर्यंत प्रवासाचे तुकडे पाडा. मुंबईत मध्य रेल्वेवर मुलुंड ते कांजूरमार्ग (नाहूर, भांडुप, कांजूर) अशा तीन स्टेशनांच्या प्रवासाचेही वीस-पंचवीस तुकडे सहज होतात: पास, फोन ठरलेल्या खिशात आणि माहितीचं कार्ड गळ्यात आहे का ते बघणं, कोणत्या जिन्याने चढायचं, इंडिकेटरवर काय वाचायचं, कुठे उभं राहायचं. कांजूरला फक्त स्लो गाडी थांबते, त्यामुळे सीएसएमटीकडे जाताना ‘एस’ हे अक्षर बघायचं, एवढा नियम पुरतो. ती कुर्ल्याला संपते की पुढे जाते, हे त्याने वाचायची गरज नाही.

शिकवायला सुरुवात शेवटच्या तुकड्यापासून करा. आधी कांजूर स्टेशनबाहेरून कामाच्या जागेपर्यंत तेवढं तो एकटा चालेल, बाकी सगळीकडे तुम्ही बरोबर. ते पक्कं झालं की पूल उतरून बाहेर पडणं, मग गाडीतून उतरणं, असं मागे मागे या. त्यामुळे रोजचा प्रवास तो स्वतः पुरा करतो. पक्कं म्हणजे सलग पाच दिवस, तुमच्या एकाही इशाऱ्याशिवाय.

खरी गोम या इशाऱ्यांमध्येच असते. ‘चल, आलं’ म्हणणं तुम्ही सोडाल, पण भांडुप गेलं की पिशवी सावरता, दाराकडे बघता, जरा पुढे सरकता. तो तुमच्याकडे बघून उठतो, पाटीकडे बघून नाही. खात्री करायची असेल तर भांडुप सुटल्यावर मुद्दाम फोनमध्ये डोकं घालून बसून राहा. तो उठला नाही तर पुढच्या विक्रोळीपर्यंत जाऊ द्या. काही बिघडत नाही, पुढचा धडा तिथेच घेता येतो.

अंतर हळूहळू वाढवा. आधी त्याच डब्याचं दुसरं दार, मग शेजारचा डबा. नंतर आधीच्या गाडीने जाऊन कांजूरच्या पुलावर थांबा. सर्वांत शेवटी घरी राहून फक्त ‘पोचलो’ या मेसेजची वाट बघा. बहुतेक घरं शेजारच्या डब्यावर अडकतात, आणि बहुतेक वेळा तिथे मुलाची नव्हे, आई-बाबांची तयारी नसते.

सरावाला रविवार नको. गर्दी कमी म्हणून सगळे तोच निवडतात आणि मेगाब्लॉकमध्ये (दुरुस्तीसाठी मार्ग बंद ठेवतात त्यात) सापडतात. माटुंगा-मुलुंड पट्ट्यात स्लो मार्गावर ब्लॉक असला की स्लो गाड्या फास्ट मार्गावर वळवतात, आणि त्या नाहूर, कांजूरमार्गला थांबत नाहीत. ‘तिसऱ्या स्टेशनला उतरायचं’ असं मोजून शिकवलेला माणूस त्या दिवशी भांडुप, विक्रोळी मोजत घाटकोपरला उतरतो. म्हणून मोजणी शिकवू नका, पाटीवरचं नाव वाचायला शिकवा. डब्यातली ‘पुढील स्टेशन’ची घोषणाही कधी मागे-पुढे होते, तिच्यावर भिस्त नको. आठवड्याचे मधले वार आणि दुपारी 12 ते 4 ही वेळ सुरुवातीला बरी. कामाची वेळ 11 नंतरची मागता आली तर जरूर मागा.

सूचना डोळ्यांना दिसेल अशी हवी. ‘फार गर्दी असेल तर सोडून दे’ याला त्याच्या लेखी अर्थ नाही. ‘दारात माणसं बाहेर लोंबकळत असतील तर ती गाडी सोडायची, सलग तीन सोडल्या तर घरी मेसेज करायचा’ याला आहे. आवाजाचा त्रास असेल तर फोमचे इअरप्लग द्या. पूर्ण आवाज बंद करणारे हेडफोन लावून रूळ किंवा रस्ता ओलांडणाऱ्यांच्या गर्दीत शिरणं धोक्याचं.

चुकण्याचा सराव वेगळा घ्या, मुद्दाम चुकवून, किमान तीनदा. स्टेशन गेलं तर पुढच्याला उतरायचं, पाटीखाली उभं राहायचं, पाटीचा फोटो घरी पाठवायचा, उत्तर येईपर्यंत हलायचं नाही. गोंगाटात फोनवर बोलणं त्याला जमेलच असं नाही, फोटो जमतो. फोनची बॅटरी गेली तर? कार्ड घेऊन तिकीट खिडकीवर जायचं. हेही एकदा फोन खरंच बंद करून करा.

कार्ड प्लॅस्टिकच्या पाकिटात, गळ्यात. खिशात घाईने हात घालणारा घाबरलेला माणूस पोलिसाला संशयास्पद वाटू शकतो. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला हिंदी. मजकूर इतकाच:

‘मला ऑटिझम आहे. बोललेलं कळतं, उत्तर द्यायला वेळ लागतो. एका वेळी एकच प्रश्न विचारा. हाताला धरू नका. या नंबरवर फोन करा: …’

घरचा पत्ता लिहू नका.

आता लोकांविषयी. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, पण अंगावर दिसत नाही. दिव्यांग डब्यात धडधाकट दिसणारा तरुण चढला की ‘उतर, हा तुझा डबा नाही’ ऐकावं लागतंच. वाद घालायला शिकवू नका. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) समोर धरायचं आणि गप्प राहायचं, इतकंच. टीसीचा सराव ओळखीच्या पण त्याला अनोळखी असलेल्या माणसाकडून करून घ्या: समोर उभं राहून, चढ्या आवाजात, ‘पास दाखव’. पळणं हा एकच प्रतिसाद टाळायचा आहे.

एक गोष्ट बोलायला घरचे लाजतात. लेडीज डब्याच्या जागेवर उभा राहून एकटक बघणारा, पुटपुटणारा तरुण मार खाऊ शकतो, त्याच्या मनात काहीही नसलं तरी. त्याची उभं राहायची जागा त्या डब्यापासून लांब ठरवा, एखाद्या खांबाची खूण धरून. (ती मुलगी असेल तर उलट लेडीज डबाच सोपा.)

सहप्रवाशांकडून फार मोठी अपेक्षा नाही. कुणी डोलत असेल, हात झटकत असेल तर ते त्याचं स्वतःला सावरणं असतं. थांबवू नका, व्हिडिओ काढू नका. मदत करायचीच तर एक छोटा प्रश्न विचारा आणि मनात दहा आकडे मोजून उत्तराची वाट बघा. दुसरा प्रश्न लगेच टाकला की पहिला पुसला जातो.

लाइव्ह लोकेशन चालू करायचं असेल तर त्याला विचारून करा. अठरा वर्षांवरच्या माणसाच्या फोनमध्ये न सांगता काही बसवणं बरं नाही, आणि ते कळल्यावर फोन घरीच ठेवून जाणारेही असतात.

जूनच्या आधी पावसाचा धडा घ्या. पाणी भरून गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये थांबली, बाकीचे उड्या मारून रुळांवर उतरले, तरी आपण बसून राहायचं. सगळे उतरतात म्हणून उतरणं हा त्याचा आजवरचा नियम असेल, तर त्याला हा अपवाद चित्र काढून, कागदावर लिहून द्या. बॅगेत पाण्याची बाटली, बिस्किटाचा पुडा आणि चार्ज केलेली पॉवर बँक ठेवा, आणि ‘गाडी थांबली आहे, मी आत आहे’ हा मेसेज फोनमध्ये तयार ठेवा.