आजीची ‘लॅक’ भासते

बडोद्यात दांडिया बाजारात, एका जिन्यावरच्या खोलीत मी आयेल्ट्सचे, म्हणजे परदेशी जाणाऱ्यांना द्याव्या लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेचे, वर्ग घेते. खाली सेव-उसळवाला आहे, त्यामुळे संध्याकाळच्या बॅचचं लक्ष सातनंतर माझ्याकडे नसतं. मागच्या पावसाळ्यात अशाच एका संध्याकाळी एका मुलीने पत्र लिहून दाखवलं. या परीक्षेच्या ‘जनरल ट्रेनिंग’ नावाच्या प्रकारात लेखनाचं पहिलं काम पत्राचंच असतं, किमान १५० शब्द आणि त्यासाठी साधारण २० मिनिटं. विषय होता, नव्या शहरात कसं वाटतंय ते मैत्रिणीला कळवा. तिने लिहिलं होतं, ‘आय फील द लॅक ऑफ माय ग्रँडमदर.’

मी लाल पेन टेकवलं तशी ती म्हणाली, “ताई, डिक्शनरीत उणीव म्हणजे लॅकच दिलंय. व्याकरणात चुकलंय का काही?”

व्याकरणात काहीच चुकलं नव्हतं. आणि मला हसायचीही सोय नव्हती, कारण या बाबतीत माझा स्वतःचा पराक्रम मोठा आहे. आर्ट्स फॅकल्टीतून इंग्रजी घेऊन नुकती बी.ए. झाले होते. ओळखीच्या एका मंडळाने शोकसंदेश इंग्रजीत करून मागितला, गेलेल्या आजोबांचा मुलगा आणि सून परदेशात होते म्हणून. ‘त्यांची उणीव आम्हाला कायम भासेल’ या वाक्याचं मी केलं, ‘वी शॅल ऑलवेज फील हिज डिफिशन्सी.’ डिफिशन्सी बी-ट्वेल्व्हची असते, लोहाची असते. माणसाच्या नावापुढे ती लावली की त्याच्यातलं न्यून होतं. पत्र गेलं. आठवड्याभराने सूनबाईंचा मंडळाच्या काकांना फोन आला: “बाबांकडून मंडळाचं काही राहून गेलं होतं का?”

बडोदेकरांना हा घोटाळा खरं तर घरबसल्या माहीत असायला हवा. शेजारच्या बेन गुजरातीत म्हणतात, ‘तमारी खोट साले छे.’ म्हणजे तुमची उणीव जाणवते. तीच खोट मराठीत आणा, म्हणजे तुम्ही त्या माणसाची खोट काढायला बसलात. शब्द एकच, पण गल्ली ओलांडली की अर्थ फिरतो.

आपल्या ‘उणीव भासते’ मध्ये दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत. काहीतरी नाही, आणि ते नसणं कुणाला तरी लागतंय. इंग्रजीत बहुतेक वेळा ही गाठ सोडावी लागते. लॅक, शॉर्टेज, डेफिसिट हे हिशेबाच्या वहीतले शब्द. खोलीला खिडकी नाही, तर खोली खिडकी ‘लॅक’ करते. खोलीला त्याचं काही वाटत नाही. म्हणून मी नव्या मुलांना आधी शब्द विचारतच नाही. विचारते, हे कुणाला दुखतंय का? दुखत असेल तर वही मिटा.

मग येतो ‘मिस’. हा शब्द मला फार आवडतो, कारण तो आपल्याच वाटेने चालला आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ नेम चुकणे. पुढे बस चुकणे, आणि माणसाची आठवण येणे, दोन्ही त्यातच आलं. आपणही ‘बस चुकली’ म्हणतो, आणि घरातलं कुणी गावाला गेलं की ‘चुकल्याचुकल्यासारखं वाटतंय’ म्हणतो. ही जोडी एकदा लक्षात आली की ‘मिस’ पाठ करावा लागत नाही. अट एवढीच की ती गोष्ट आधी आयुष्यात असायला हवी. जे कधी नव्हतंच ते मिस करता येत नाही. त्यासाठी ‘लाँग फॉर’ आहे. लाँग म्हणजे लांब, आणि हे क्रियापदही त्याच घरातलं. वाट पाहताना वेळ लांबत जातो, तो लांबणारा वेळ त्यात आहे. ज्या बाईला मूल हवंय ती लाँग करते. जिचं मूल हॉस्टेलला गेलंय ती मिस करते.

‘यर्न’ त्याहून गहिरा, जरा पुस्तकी. माझ्या वर्गात त्याला पत्रामागे एकदाच परवानगी आहे, अन् तीही नाइलाजाने. परीक्षेत शब्दसंपत्तीला लेखनाच्या चार निकषांपैकी एक निकष, म्हणजे पाव वाटा असतो. हे कळल्यापासून मुलं भारी शब्द पेरत सुटतात. ‘आय यर्न फॉर युवर अर्ली रिप्लाय’ असं बँकेच्या मॅनेजरला लिहिलेलं मी वाचलं आहे. शब्द दुर्मीळ असण्यापेक्षा जागेवर बसणं तपासणाऱ्याला जास्त दिसतं.

‘क्रेव्ह’ शरीराचा आहे. मूळ अर्थ हक्काने मागणे, आणि आजही ती मागणी जिभेवर, पोटात उठते. डोहाळ्यांना इंग्रजीत क्रेव्हिंग्ज म्हणतात ते उगाच नाही. सातनंतर माझ्या बॅचला होतं ते हेच. वर तरी घातलेली सेव-उसळ ते ‘क्रेव्ह’ करतात. ‘क्रेव्ह फॉर’ लिहू नका, क्रियापदाला आज शक्यतो ‘फॉर’ लावत नाहीत. लॅकचंही तसंच, ‘ही लॅक्स ऑफ एक्स्पीरियन्स’ मधला ‘ऑफ’ मी वर्षाला शंभर वेळा तरी खोडत असेन. ‘पाइन’ म्हणजे झुरणं. पाइनच्या झाडाशी त्याचा संबंध नाही, तो दुःखवाचक ‘पेन’चा भाऊ. आणि ‘हँकर’मध्ये थोडी हाव आहे, युनिव्हर्सिटीला लिहिताना तो नकोच.

सगळ्यात जास्त मार्क मात्र साध्या ‘वाँट’ आणि ‘नीड’मध्ये जातात. आपल्याला ‘पाहिजे’ एकच. रजा पाहिजे, पाणी पाहिजे, नवा फोन पाहिजे. (गंमत म्हणजे पाहिजे हे पाहण्यातून आलं आणि गुजरातीतलं जोईए हे जोवुंमधून, म्हणजे तेही पाहण्यातूनच. दोन्ही भाषांनी हवेपणा डोळ्यांत ठेवला.) त्यामुळे मुलं साहेबाला लिहितात, ‘आय वाँट टू डेज लीव्ह.’ इंग्रजी कानाला हे पाय आपटल्यासारखं लागतं. तिथे ‘नीड’ घ्या आणि कारण द्या, किंवा ‘वुड लाइक’ लिहा.

याच वाँटचा जुना अर्थ मात्र इच्छा नव्हे, उणीव. १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये तेविसाव्या स्तोत्रात ‘आय शॅल नॉट वाँट’ आहे, त्याचा अर्थ ‘मला काही उणं पडणार नाही’. कॉलेजात मी तो ‘मला तो नको’ असा लावला होता आणि देवाला इतकं स्पष्ट सांगितल्याचं कौतुकही वाटलं होतं. हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतून आला, आणि भाषाशास्त्रज्ञ त्याची मुळं ज्या कुळात दाखवतात त्याच कुळात संस्कृतचा ‘ऊन’ आहे, आपला उणा. म्हणजे ‘उणीव’ची सख्खी नातेवाईक शोधायची तर ती लॅक नव्हे, वाँट. ‘फॉर वाँट ऑफ टाइम’मध्ये ती अजून दिसते.

परदेशी जाणाऱ्यांना ‘होमसिक’ आणि ‘नॉस्टॅल्जिक’ यांतही फरक करावा लागतो. दुसऱ्याच्या मुळाशी असलेला ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द १६८८ साली स्वित्झर्लंडमधल्या बासलमध्ये योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने रोगाचं नाव म्हणून बनवला. ग्रीक शब्द जोडून, घरी परतण्याची वेदना. त्याच्या रुग्णांत बर्नहून बासलला शिकायला आलेला एक तरुण होता, घराच्या ओढीने अंथरूण धरलेला. बर्न ते बासल अंतर केवढं, तर आपलं बडोदा-अहमदाबाद. आज हा शब्द रोग राहिला नाही आणि घराचाही राहिला नाही, तो गेलेल्या काळाचा झाला. तिकीट काढून बरा होतो तो होमसिक. शाळेच्या दिवसांसाठी हळवा होणारा नॉस्टॅल्जिक, त्याला तिकीट मिळत नाही.

हे सगळं त्या मुलीला मी एका दमात सांगितलं नाही. विचारलं, “आजीचं नेमकं काय?” तिने पेन चावलं. म्हणाली, “सात वाजता ती देवाजवळ दिवा लावते आणि मला हाक मारते.” मग खाडाखोड करून लिहिलं, ‘आय मिस माय ग्रँडमदर मोस्ट अ‍ॅट सेव्हन इन द ईव्हनिंग.’ मी बरोबरची खूण केली. ती अजून वहीकडेच बघत होती.

“पण ताई, मी अजून गेलेच नाहीये ना. आजी तर आत्ता घरीच आहे. मग मिस चालेल?”

म्हटलं, परीक्षेत चालतं.