प्रायोगिक पुरातत्त्वासाठी देणगी कशी मागावी: आधी यादी, मग आवाहन

प्रायोगिक पुरातत्त्व म्हणजे जुन्या काळची कामं जुन्याच पद्धतीने पुन्हा करून पाहणं. इथे उदाहरण लोखंड गाळायच्या भट्टीचं घेतलंय. जागा, परवानग्या, आगीची सोय, संस्थेचं खातं आणि पावतीपुस्तक तयार आहे असं धरून चालू. वर्गणी कुणाच्याही वैयक्तिक खात्यावर घ्यायची नाही, मग तो माणूस कितीही विश्वासाचा असो.

आधी प्रश्न एका वाक्यात लिहा. ‘प्राचीन लोखंड कसं बनायचं ते पाहणार’ हा प्रश्न नव्हे. ‘उत्खननात मिळालेल्या मापाची मातीची भट्टी बांधून, हाताच्या भात्यावर, त्याच परिसरातलं खनिज गाळलं तर तिथे सापडली तशीच मळी मिळते का?’ हा प्रश्न. (मळी म्हणजे खनिज गाळताना लोखंडापासून वेगळा होणारा टाकाऊ भाग.) देणगीदाराला असा प्रश्न लगेच कळतो, आणि पुढची सगळी यादी त्यातूनच निघते.

खर्च निदान तीन खेपांचा धरा. एकदाच भट्टी पेटवणं म्हणजे प्रात्यक्षिक. नवख्यांच्या हाती पहिल्या खेपेला बहुतेक वेळा मळीच येते, आणि चूक कुठे झाली ते कळेपर्यंत एका खेपेचे पैसे संपलेले असतात. भट्टीतून निघालेल्या लोखंडाच्या गोळ्याचा छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासणं आणि मळीचं रासायनिक पृथक्करण यांचा खर्च वेगळा दाखवा आणि तो आधी मागा. भट्टीला पैसे देणारे खूप भेटतात, प्रयोगशाळेच्या बिलाला कुणी पुढे येत नाही.

आता खरी अडचणीची पायरी: वस्तुरूप देणगी. ‘जे मिळेल ते घ्या, फुकट आहे ना’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि त्यानेच प्रयोगाची वाट लागते. ‘आम्हाला कोळसा हवाय’ असं मोघम लिहिलं की लोक आपुलकीने दाबून बनवलेल्या कोळशाच्या वड्या आणून देतात. त्यांत चिकटवायला स्टार्च असतो, काही वड्यांत दगडी कोळशाची भुकटीही असते. दगडी कोळशातलं गंधक लोखंडात उतरलं की ते तापवून ठोकताना तडकतं. मग दोष खनिजाचा, भट्टीचा की वडीचा, हे सांगता येत नाही. ओला कोळसा दिसायला ठीक असतो, पण तोलताना पाणीही वजनात धरलं जातं आणि कोळसा व खनिज यांचं प्रमाण चुकतं. हे प्रमाण वजनाने साधारण एकास एक किंवा कोळसा त्याहून जास्त असं असतं, म्हणजे चूक लहान राहत नाही. कुंभारकामाची तयार माती घेतली तर तिच्यात काय मिसळलंय ते आपल्याला ठाऊक नसतं.

म्हणून मागणीच्या प्रत्येक ओळीत काय हवं, काय चालणार नाही आणि का, ही तिन्ही उत्तरं असू द्या. नमुना असा:

‘कठीण लाकडाचा कोळसा, कोरडा, २ ते ५ सेंटीमीटरचे तुकडे, ३० किलो. वड्या चालणार नाहीत, कारण त्यांतल्या भेसळीने धातू बिघडतो.’

‘का’ गाळू नका. कारण कळलं की माणूस रागावत नाही, उलट योग्य वस्तू शोधून आणतो. कोळसा फोडताना बराचसा चुरा होतो आणि तो भट्टीत घालता येत नाही, कारण हवेची वाट बुजते. तेवढा माल जादा मागा.

मात्र सोवळंही अती नको. कोळशासाठीचं लाकूड यंत्राच्या करवतीने कापलेलं असलं, तर वरच्या प्रश्नाला काही फरक पडत नाही. तुम्ही माणसांची मेहनत किंवा लागणारे तास मोजणार असाल, तर पडतो. काय नाकारायचं हे प्रश्न ठरवतो, हौस नव्हे.

चुकीची वस्तू दारात आलीच तर तिथल्या तिथे सांगा: ‘प्रयोगाला हे वापरता येणार नाही, भट्टी सुकवायला चालेल, ठेवू का?’ गुपचूप घेऊन कोपऱ्यात टाकू नका. गडबडीत कुणीतरी तीच पिशवी भट्टीत रिकामी करतं. घेतलेल्या प्रत्येक मालावर कुठून आला, कधी तोलला, कोरडा की ओला, ही चिठ्ठी लावा. ही नोंद हिशेबापुरती नसते, ती प्रयोगाच्या अहवालात जाते.

रोख रकमेचे तुकडे पाडा. इंग्लंडमध्ये सटन हू इथे जमिनीत पुरलेल्या सातव्या शतकातल्या जहाजाची पूर्ण आकाराची प्रतिकृती उभारताना लोकांना एकेक रिव्हेट, म्हणजे फळ्या जोडणारा लोखंडी खिळा, पुरस्कृत करायची सोय ठेवली गेली. १९३९ च्या उत्खननात त्या जहाजाचं लाकूड कुजून गेलेलं होतं, वाळूत त्याचा ठसा आणि रिव्हेटच्या रांगा तेवढ्या शिल्लक होत्या, त्यामुळे तिथे रिव्हेट मागण्याला अर्थ आहे. तुमच्याकडे तसा तुकडा म्हणजे एक टोपली खनिज, एक फुंकनळी (भात्याची हवा भट्टीत नेणारी नळी), एका नमुन्याची तपासणी.

अपयशाची शक्यता आवाहनातच लिहा: ‘लोखंड मिळेलच असं नाही, नाही मिळालं तर का, ते छापू.’ निकालाची मुदतही खरी सांगा. इंग्लंडमधल्या ओव्हरटन डाउन इथे १९६० साली प्रयोग म्हणून मातीचा बांध आणि खंदक तयार करून ठेवला, तो १२८ वर्षं टप्प्याटप्प्याने तपासायचा असं ठरवूनच. अशा कामाला दरवर्षी नवा निकाल कबूल केलात तर फसाल.

पावती लगेच, हिशेब जाहीर, आभार नावानिशी. कुणाला नाव नको असेल तर ते आधी विचारून घ्या.

बघायला बोलवा, पण मुख्य खेपेला भाता देणगीदारांच्या हाती देऊ नका. हात बदलले की हवेचा वेग बदलतो आणि नोंदी कुचकामी होतात. भट्टी तापवण्याच्या सुरुवातीच्या वेळात हौस भागवू द्या. गोळा कापला जाणार, कुणाला मिळणार नाही, हे आधीच सांगा. मळीचा तुकडा आठवण म्हणून द्यायचा असेल तर सगळी मळी तोलून, नमुने काढून झाल्यावरच, आणि सोबत तारखेची चिठ्ठी देऊन. उरलेली मळी जुन्या स्थळाच्या आसपास फेकू नका. पुढच्या उत्खननात ती प्राचीन म्हणून नोंदली जाण्याचा धोका असतो.