मुलांचं दुखणं : या चुका टाळा

‘‘शाळेच्या वेळेलाच बरं हिचं पोट दुखतं, टीचर!’’

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात प्राथमिक शाळेत मी शिकवते. तिसरीतल्या एका मुलीची आई हे म्हणाली आणि मीही मान डोलावली. प्रार्थनेला सगळ्यांचे हात जोडलेले असायचे, हिचा एक हात बेंबीवर. ‘नाटक करते’ असं आम्ही दोघींनी ठरवून टाकलं. पहिली चूक हीच, आणि सगळ्यात मोठीही. घरी ओवा चावून झाला, मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढून झाली. ती शाळेत संडासला जाते का, हे मात्र कुणी विचारलं नाही. जात नव्हती. दाराला आतून कडी नव्हती, म्हणून ती दिवसभर पाणीसुद्धा पीत नसे. बद्धकोष्ठ झालं होतं. डॉक्टरांनी औषध दिलं, आम्ही कडी बसवली. दोनेक महिन्यांनी प्रार्थनेला तिचे दोन्ही हात जोडलेले दिसले.

अशी मुलं किती असतात? २०२४ मध्ये जगभरातले अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा पाच मुलांमागे साधारण एकाला दीर्घकाळचं, म्हणजे तीन महिन्यांहून जास्त टिकणारं किंवा पुन्हा पुन्हा येणारं दुखणं असल्याचं दिसलं. डोकं, पोट, पाठ, हातपाय. मुलींमध्ये जास्त. तीस जणांच्या वर्गात सहा झाले. हजेरी घेताना आता हा हिशेब माझ्या मनात असतो.

रिपोर्ट नॉर्मल आला की ‘काही नाही तुला’ म्हणून मोकळं होणं ही दुसरी चूक. वारंवार पोट दुखणाऱ्या बहुतेक मुलांच्या तपासण्यांत काही सापडत नाही, तरी दुखणं खरंच असतं. नसा हळव्या झालेल्या असतात, त्यात जागरण आणि काळजी भर घालते.

याच्या उलट, दुखलं की घरी ठेवायचं, हातात मोबाईल द्यायचा आणि तासातासाला ‘अजून दुखतंय?’ विचारायचं, यानेही दुखणं लांबतं. डॉक्टरांनी धोका नाही असं सांगितलं असेल तर थोडा वेळ का होईना, शाळेत पाठवा.

औषधात अंदाजपंचे नको. पॅरासिटामॉलचं सिरप ५ मिलीत १२५ मिलिग्रॅमचं मिळतं, तसंच २५० चंही. चमचा तोच, औषध दुप्पट! मात्रा वजनावरून ठरते. अ‍ॅस्पिरिन तर स्वतःहून देऊच नका.

पाय दुखले की ‘वाढीचं आहे’ म्हणतात. ते दुखणं दोन्ही पायांत, संध्याकाळी किंवा रात्री येतं आणि सकाळी मूल उड्या मारतं. एकच पाय दुखत असेल, मूल लंगडत असेल, सूज किंवा ताप असेल, तर डॉक्टरांना दाखवा. सकाळी उठताच डोकं दुखून उलटी होणं, वजन घटणं, पोटाच्या उजव्या बाजूला खाली वाढत जाणारी कळ, इथेही थांबू नका.

मुलग्यांच्या बाबतीत एक गोष्ट घरात बोललीच जात नाही. अंडाला पीळ बसला तरी मुलगा लाजून ‘पोट दुखतं’ एवढंच म्हणतो. अशा वेळी साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी लागते, आणि आमच्या वाळपईहून बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात पोचायलाच तासभर जातो. अचानक जोराची कळ आली तर चड्डी उतरवून आधी नीट बघा. सूज दिसली किंवा हात लावू देत नसेल, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी १०८ ला फोन करा.