वहीत नफा, खात्यात खडखडाट

भोसरीत माझं टर्निंगचं, म्हणजे धातूचे भाग कातायचं, छोटं वर्कशॉप आहे. दोन सीएनसी (संगणकावर चालणारी यंत्रं), पाच माणसं. कामाला तोटा नव्हता, वहीत नफाही दिसायचा. तरी दर सात तारखेला पगारासाठी ओव्हरड्राफ्ट ओढायचो.

एका रविवारी सगळी येणी कागदावर मांडली. सगळ्यात मोठं बिल ९० दिवस पडून होतं. का, तर मालाच्या चलनावर गिऱ्हाइकाच्या गेटचा शिक्का नव्हता! आमचा टेम्पोवाला माल टाकून तसाच परत फिरला होता. त्या बिलावरचा जीएसटी मात्र मी २० तारखेला पदरचा भरून मोकळा.

आता शिक्क्याचा फोटो आल्याशिवाय टेम्पोचं भाडं निघत नाही. बिलाचे पैसे आले की जीएसटीची रक्कम त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाकतो. पूर्वी त्यातूनच इन्सर्ट (यंत्राची कापायची पाती) घ्यायचो, आपलेच पैसे समजून.

बिलावर उद्यम नोंदणी क्रमांकही, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारदरबारी असलेली नोंद, छापला. २००६च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांपुढे पैसे थकवता येत नाहीत. करार नसेल तर १५च. त्यात आयकराचं ४३बी(एच) कलम आलं: मुदत चुकवली तर गिऱ्हाइकाला तो खर्च पैसे चुकते होईपर्यंत करासाठी उत्पन्नातून वजा मिळत नाही. २०२४च्या मार्चमध्ये त्या थकलेल्या बिलाच्या गिऱ्हाइकाच्या अकाउंट्सला फोन केला तेव्हा पोटात गोळा आला होता, काम तुटलं तर? समोरचे साहेब एवढंच म्हणाले, "बिलं परत मेल करा."

ओव्हरड्राफ्ट अजून आहे. या सात तारखेला त्याला हात लावला नाही.