दोनदा परत आलेला प्रस्ताव तिसऱ्यांदा मंजूर झाला, तो असा

संशोधन अनुदानाचा माझा प्रस्ताव दोनदा नाकारला गेला. दुसऱ्यांदा परीक्षकांचे अभिप्राय शांतपणे वाचले तेव्हा चूक कळली: मला जे करायचं होतं ते मी लिहिलं होतं, अनुदान देणाऱ्या संस्थेने जे मागितलं होतं ते नाही. मग त्या संस्थेने आधी मंजूर केलेल्या प्रकल्पांचे सारांश वाचून काढले आणि एक पानी टिपण पाठवून ‘विषय बसतो का?’ असं तिथल्या अधिकाऱ्यांना विचारलं. सर्वांत जास्त उपयोग याचाच झाला. उद्दिष्टं पाचाची दोन केली. अंदाजपत्रकात विद्यापीठाचा ओव्हरहेड (जागा, वीज, प्रशासन अशा खर्चांसाठीचा विद्यापीठाचा वाटा) धरलाच नव्हता, तो धरला; प्रत्येक खर्चापुढे कारण लिहिलं. सह्यांसाठी विद्यापीठाची अंतर्गत मुदत संस्थेच्या मुदतीआधीच संपते, म्हणून कागद तीन आठवडे आधी दिले. तिसऱ्यांदा मंजुरीचं पत्र आलं.